गरोदरपणातले हार्मोन: रक्तातला आकडा आणि गर्भाशयातली गोष्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रात्री साडेदहाला मोबाईलवर फोटो येतो. चादरीवर ठेवलेला रिपोर्ट, एक कोपरा अंगठ्याखाली, आणि तारीख नेमकी त्याच कोपऱ्यात. खाली एकच ओळ: "ताई, आकडा बरोबर शे ना?"

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझी लॅब आहे. मी रक्त तपासणारी डॉक्टर, बाळंतपण करणारी नाही. त्यामुळे कोणती गोळी घ्यायची किंवा थांबवायची हे इथे मिळणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. आकड्याचा अर्थ काय लावायचा आणि काय लावायचा नाही, एवढंच खाली आहे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून क्रमांक दिले आहेत.

१. गरोदरपणात हे सगळे हार्मोन येतात तरी कुठून?

पहिले काही आठवडे भार अंडाशयातल्या पीतपिंडावर असतो. ज्या पुटिकेतून बीज बाहेर पडलं, तिचंच हे नंतरचं पिवळसर रूप. ते प्रोजेस्टेरॉन तयार करतं. गर्भ रुजला की त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी सोडू लागतात, आणि त्या एचसीजीमुळे पीतपिंड सुकत नाही, पाळी येत नाही. पुढे सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमाराला वार, म्हणजे प्लॅसेंटा, प्रोजेस्टेरॉनचं काम स्वतःकडे घेते. १९७० च्या दशकात आर्पाद चापो या संशोधकाने दाखवलं की सातव्या आठवड्याआधी पीतपिंड काढलं तर गर्भ टिकत नाही, नवव्यानंतर काढलं तर टिकतो.

एस्ट्रिऑल या एस्ट्रोजेनची गंमत वेगळी. ते एकट्या वारेला जमत नाही, कारण मधल्या एका टप्प्याचं एन्झाइम तिच्याकडे नाही. बाळाच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी कच्चा माल पुरवतात, बाळाचं यकृत त्यात एक फेरफार करतं आणि वार शेवटचा हात फिरवते. शेतात दोन घरं सावड करतात ना, तसलाच प्रकार.

२. रक्तात जेवढं हार्मोन दिसतं तेवढंच गर्भाशयातही असतं का?

नाही. हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, पण बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धुळ्याकडच्या वाचकांना पांझरेवरची फड पद्धत माहीत असेल. बंधाऱ्यावर उभं राहून पाटाला पाणी किती सुटलं ते सांगता येतं. कोणत्या फडात किती मुरलं ते तिथून दिसत नाही. दंडातल्या शिरेतून काढलेलं रक्त म्हणजे पाटाचं पाणी. गर्भाशय हा फड.

तीन उदाहरणं देते. पहिलं प्रोजेस्टेरॉनचं. हेच औषध इंजेक्शनने दिलं तर रक्तातला आकडा जास्त येतो, आणि योनिमार्गात ठेवलं तर कमी. पण १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला, तेव्हा उलटं निघालं: योनिमार्गातून दिलेल्यांच्या अस्तरात प्रोजेस्टेरॉन जास्त होतं. जवळच्या जवळ झिरपून ते थेट गर्भाशयात पोचतं, सगळ्या शरीराची फेरी मारत नाही.

दुसरं प्रोस्टाग्लँडिनचं. कळा आणणारी ही द्रव्यं गर्भाशयाच्या अस्तरात आणि बाळाभोवतीच्या पडद्यात तयार होतात आणि तिथेच काम करतात. रक्तात जी थोडी निसटतात ती फुप्फुसातून एक फेरी होईतो बहुतेक नष्ट होतात. म्हणून "कळा येण्याचं हार्मोन" असा रक्ताचा रिपोर्ट कोणतीच लॅब देत नाही.

तिसरं ऑक्सिटोसिन. नववा महिना भरत येतो तसं रक्तातलं ऑक्सिटोसिन काही उसळत नाही. गर्भाशयाच्या स्नायूवर ते पकडणारे रिसेप्टर कितीतरी पटींनी वाढतात. आवाज तेवढाच, कान तिखट झालेले. म्हणूनच पाचव्या महिन्यात ज्या मात्रेचा गर्भाशयावर फारसा परिणाम होत नाही, ती नवव्यात कळा आणू शकते.

३. बीटा एचसीजी कितव्या आठवड्याला किती पाहिजे?

बीटा म्हणजे प्रश्न १ मधल्या एचसीजीचाच रक्तातला आकडा. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, हे आधी पक्कं करा. निम्मे घोळ इथेच असतात. रिपोर्टच्या मागे साधारण असा तक्ता छापलेला असतो: चौथा आठवडा ५ ते ४२६, पाचवा १८ ते ७,३४०, सहावा १,०८० ते ५६,५०० (एमआययू प्रति मिलिलिटर). पाचव्या आठवड्याच्या दोन बायकांपैकी एकीचा २०० आणि दुसरीचा ६,००० आला तरी दोघींचं ठीक असू शकतं. म्हणून जावेच्या रिपोर्टशी ताडून पाहू नका.

आठव्या ते अकराव्या आठवड्यात आकडा शिखरावर, बहुधा लाखाच्या आसपास, असतो. मग तो आपोआप उतरतो आणि पाचव्या महिन्यात दहा-वीस हजारांवर येतो. चौदाव्या आठवड्याला "बीटा पडला" म्हणून रडत फोन करणारी दर महिन्याला एखादी तरी असतेच. तो पडायचाच असतो.

४. दोन दिवसांत दुप्पट झालं नाही. संपलं का?

"दुप्पट" हा शब्द डोक्यातून काढा. ४८ तासांत निदान किती वाढ अपेक्षित आहे ते सुरुवातीच्या आकड्यावर अवलंबून असतं: १,५०० च्या खाली असेल तर ४९ टक्के, १,५०० ते ३,००० मध्ये ४० टक्के, त्याच्या वर ३३ टक्के. समजा सोमवारी ८२० होतं आणि बुधवारी १,३१० झालं. दुप्पट नाही, पण वाढ ६० टक्के आहे. चालेल.

वाढ याहून कमी असेल तर काळजीचं कारण आहे, पण तो निकाल नव्हे. डॉक्टर सोनोग्राफी आणि पुढचा रिपोर्ट पाहतील. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये रक्त द्या. पहिलं भुसावळला आणि दुसरं नाशिकला दिलं तर मशीन बदलतं, आणि आकडे एकमेकांशी जोडता येत नाहीत. आणि फोटोत तारीख-वेळ दिसू द्या, कृपा करून.

५. घरी पट्टीवर फिकट रेघ आली. धरायची का?

दिलेल्या वेळेत, म्हणजे बहुतेक कार्डांवर पाच मिनिटांत, रंगीत रेघ आली तर फिकट असली तरी ती आहे. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिल्यावर दिसणारी करडी रेघ मोजू नका. ती लघवी वाळल्याची खूण असते.

आपल्याकडे उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा. कार्डाच्या पाकिटावर बहुधा ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या घरात. पत्र्याच्या घरात फळीवर दोन महिने पडलेलं कार्ड बिघडू शकतं. आशाताई मोफत देतात ते निश्चय किट आणलं तर लगेच वापरा. शिवाय उन्हात आपण तांब्याने पाणी पितो, लघवी पातळ होते, रेघ उमटत नाही. म्हणून सकाळची पहिली लघवी घ्या. पाळी चुकण्याआधी तपासून उपयोग नाही.

एक सहज आठवलं म्हणून: १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या दोघांनी पहिली भरवशाची चाचणी काढली, तेव्हा बाईची लघवी उंदराच्या लहान मादीला टोचून, काही दिवसांनी तिचं अंडाशय उघडून पाहावं लागे. आज मेडिकलमध्ये पट्टी मागायला लाज वाटते एवढीच अडचण उरली आहे.

६. बीटा २,००० आहे पण सोनोग्राफीत पिशवी दिसत नाही. मग गर्भ कुठे आहे?

रक्त याचं उत्तर देऊ शकत नाही. गर्भ गर्भाशयात असो की बीजवाहक नळीत, एचसीजी त्याच रक्तात उतरतं. आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवी दिसायलाच हवी असा टप्पा आता सावधपणे ३,५०० च्या आसपास धरतात; त्याखाली "थांबून पाहू" हे रास्त उत्तर आहे. जुळी असतील तर आकडा मोठा आणि पिशव्या लहान, असंही होतं.

पण थांबून पाहणं म्हणजे घरी निवांत बसणं नव्हे. एका बाजूला ओटीपोटात दुखणं, चक्कर, घाम, खांद्याच्या टोकाला दुखणं, अंगावरून जाणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो की लग्नाचा मांडव, तडक दवाखाना गाठा. नळीतला गर्भ फुटला तर तासाभरात जिवावर बेतू शकतं. आकडा लहान आहे म्हणून तो फुटणार नाही, असं नसतं.

७. प्रोजेस्टेरॉन कमी आलंय. गर्भ टिकवायच्या गोळ्या लागतील का?

पीतपिंड प्रोजेस्टेरॉन एका लयीत सोडत नाही, झटक्याझटक्याने सोडतं. सकाळी दहाला आणि दुपारी एकला घेतलेल्या रक्तात चांगलाच फरक पडू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत साधारण १० ते ४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर दिसतं. शेवटी ते १०० ते २०० पर्यंत जातं. ९.४ आलं म्हणून रात्रभर जागण्यात अर्थ नाही.

दुसरं, कारण कोणतं आणि परिणाम कोणता? बरेचदा गर्भाचीच वाढ गुणसूत्रांच्या दोषामुळे थांबलेली असते, म्हणून एचसीजी कमी, म्हणून प्रोजेस्टेरॉन कमी. तिथे गोळीने आकडा वाढेल, गर्भ वाढणार नाही. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावरून जाणाऱ्या चार हजारांवर बायकांवर झालेला प्रिझम नावाचा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. सरसकट सगळ्यांना ठोस फायदा दिसला नाही. त्यांच्यातल्या ज्यांचा आधी गर्भपात झाला होता, त्यांना मात्र फायदा दिसला. म्हणजे औषध ठरतं ते तुमच्या कहाणीवर, माझ्या रिपोर्टवर नाही. मला विचाराल तर सगळं सुरळीत असताना "सहज म्हणून" प्रोजेस्टेरॉन तपासूच नये. लॅबवालीनेच हे म्हणावं याचं काही जणांना नवल वाटतं.

८. गोळी महिनाभर चालू आहे, तरी प्रोजेस्टेरॉन वाढत नाही. गोळी खोटी आहे का?

पाकिटावरचं नाव वाचा. डायड्रोजेस्टेरॉन असेल तर ते प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतं, पण रेणू वेगळा. आमची मशीन त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणून मोजत नाही. आकडा तसाच राहणार. योनिमार्गात ठेवायच्या गोळीचं उत्तर प्रश्न २ मध्ये आहे. तोंडाने घ्यायचं नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन असेल तर उलटा गोंधळ: यकृतात त्याचे जे तुकडे होतात ते काही मशिनींना प्रोजेस्टेरॉनच वाटतात, आणि आकडा फुगून येतो. गोळी चालू असताना हा रिपोर्ट काढून फारसं काही कळत नाही.

९. दिवस गेल्यावर टीएसएच एकदम ०.१ आला. थायरॉइड वाढला का?

बहुधा नाही. एचसीजी आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) हे रचनेने चुलतभाऊ. दोघांचा एक भाग हुबेहूब सारखा असतो. एचसीजी शिखरावर असताना (प्रश्न ३) ते थायरॉइडला स्वतःच थोडं हलवतं, म्हणून मेंदूकडून येणारं टीएसएच खाली जातं. डॉक्टर फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन), नाडी आणि गळा पाहून ठरवतील. जुळ्यांत आणि फार उलट्या होणाऱ्यांत हे जास्त दिसतं.

उलट बाजूची, म्हणजे टीएसएच वाढल्याची, थायरॉइड कमी पडल्याची, चिंता अधिक खरी. पहिल्या तिमाहीत वरची मर्यादा पूर्वी २.५ धरत, अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ साली ती साधारण ४ केली. आधीपासून गोळी चालू असलेल्यांनी २.५ च्या खाली राहावं असं मानतात, आणि गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो. सासूने "गरोदरपणात कशाला गोळ्या" म्हटलं तरी थायरॉइडची गोळी बंद करू नका. लोह-कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचं अंतर ठेवा.

१०. उलट्या अचानक थांबल्या. हार्मोन पडले का?

नुसत्या यावरून काही ठरत नाही. आणि उलट्यांचं सगळं खापर एचसीजीवर फोडणंही आता मागे पडतंय. डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जीडीएफ-१५ हे प्रथिन पुढे आलं. गर्भ आणि वार ते आईच्या रक्तात सोडतात, आणि जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं तिला ते जास्त झोंबतं. म्हणजे पुन्हा, आकड्याइतकीच ग्रहण करणाऱ्याची सवय महत्त्वाची.

११. माझ्या घरात कुणालाच डायबेटिस नाही, मग सहाव्या महिन्यात साखर कशी वाढली?

वारेमुळे. ती प्लॅसेंटल लॅक्टोजेन नावाचं हार्मोन सोडते. ते आणि इतर काही हार्मोन मिळून आईच्या इन्सुलिनला बोथट करतात, म्हणजे बाळाला साखर जास्त वेळ मिळते. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून निभावतं, काहींचं पुरं पडत नाही. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात. १४० किंवा वर असेल तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशीपोटीच यावं लागतं असं नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या भागातल्यांसाठी खास: सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेल किंवा फार रक्तक्षय असेल तर एचबीए-वन-सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, फसवी येते. तांबड्या पेशीच लवकर मरतात, सरासरी धरायची कुणाची? तिथे ग्लुकोजचीच चाचणी धरा, आणि सिकलसेलचं कार्ड असेल तर लॅबमध्ये आधी दाखवा.

१२. पपई खाल्ली, आता काय? आणि ज्येष्ठमधाचा काढा?

शहाद्याकडून हा प्रश्न येतो यात नवल नाही, तिथे बांधाबांधावर पपई. पिकलेल्या पपईने उंदरांच्या गर्भाशयावर काही परिणाम दिसला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र स्नायू आकसला, म्हणजे ऑक्सिटोसिन-प्रोस्टाग्लँडिनसारखं काम (प्रश्न २). तेव्हा कच्च्या पपईची भाजी-कोशिंबीर टाळा. पिकलेल्या दोन फोडी खाल्ल्या म्हणून रक्त तपासायला येऊ नका.

ज्येष्ठमधाबद्दल फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आईच्या रक्तातलं कॉर्टिसोल गरोदरपणात दोन-तीन पट होतं. ते सगळंच्या सगळं बाळापर्यंत जाऊ नये म्हणून वारेत एक एन्झाइम राखणीला बसलेलं असतं. ते कॉर्टिसोलला निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिऱ्हायझिन नेमकं त्या एन्झाइमला अडवतं. खोकल्याची एखादी गोळी चघळली तर घाबरू नका. महिनोन्‌महिने काढा नको.

१३. केस गळतात म्हणून गोळ्या घेते. रिपोर्ट बिघडतो का?

गोळीत बायोटिन असेल तर बिघडू शकतो. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम. काही मशिनींची चाचणीच बायोटिनच्या पकडीवर चालते. तिथे टीएसएच आणि एचसीजी खोटं कमी येतं, टी-४ आणि प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा, आणि घेत असल्याचं काउंटरवर सांगा. "व्हिटॅमिन आहे, औषध थोडंच" म्हणून कुणी सांगत नाही.

१४. पोट दिसायला लागलंय, पण पट्टी निगेटिव्ह. असं होतं का?

होतं, आणि माझ्या हातून झालंय. लॅब सुरू केली त्या वर्षीची गोष्ट. शेतमजूर बाई, पाळी कधी चुकली ते नक्की सांगता येईना. कार्डावर एकच रेघ. मी "निगेटिव्ह" लिहून दिलं. ती दारातच थांबली आणि म्हणाली, "माय, मना पोटमा हालस." (माझ्या पोटात हलतंय.) सोनोग्राफीत साडेचार महिने निघाले.

दोन कारणं असतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतर लघवीत एचसीजीचे तुकडेच जास्त येतात. कार्डाने हार्मोनला दोन बाजूंनी धरलं तरच रेघ उमटते; हे तुकडे एक बाजू अडवतात, दुसरीला चिकटत नाहीत. किंवा हार्मोन इतकं प्रचंड असतं की कार्डाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या भरून जातात आणि रेघ जुळत नाही. द्राक्षगर्भात, म्हणजे वार बिघडून द्राक्षांच्या घोसासारखी वाढते तेव्हा, असं होतं. लघवी पाणी घालून पातळ केली की रेघ उमटते. त्या दिवशी एवढं केलं असतं तर तिला दुसरी फेरी पडली नसती. तेव्हापासून पोटाला हात लावल्याशिवाय मी निगेटिव्ह लिहीत नाही.

१५. बीटा जास्त असेल तर मुलगी, हे खरं का?

आकड्यावरून ओळखता येत नाही, आणि १९९४ च्या कायद्याने गर्भाचं लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. यापुढे अशा मेसेजला उत्तर मिळणार नाही.

१६. गाय विण्याआधी तिचं प्रोजेस्टेरॉन पडतं म्हणतात. मग बाईचं पडलं की कळा येतात का?

साक्रीच्या एका पशुपालक दादांनी विचारलं, आणि गेल्या वर्षभरातला मला आवडलेला प्रश्न हाच. गाईत खरंच रक्तातलं प्रोजेस्टेरॉन विण्याच्या आधी एक-दोन दिवस घसरतं. शेळी तर सगळा काळ पीतपिंडावरच काढते. बाईत तसं होत नाही: कळा चालू असतानाही रक्तात ते भरपूर असतं आणि वार पडल्यावरच कोसळतं. बदलतो तो गर्भाशयाचा स्नायू. प्रोजेस्टेरॉन ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या दोन जातींचं प्रमाण फिरतं आणि तो त्याचं ऐकेनासा होतो. म्हणून "कळा कधी येतील" हे रक्तावरून सांगता येत नाही.

वार पडल्यानंतरच्या त्या घसरणीने दूध उतरतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन महिनोन्‌महिने वाढून तयार असतं, प्रोजेस्टेरॉनने त्याला रोखून धरलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी दूध भरतं ते यामुळे. तोवरचा चीक फेकू नका.

१७. गर्भपात होऊन तीन आठवडे झाले, पट्टी अजून पॉझिटिव्ह येते.

येऊ शकते. एचसीजी दिवस-दीड दिवसाला निम्मं होतं, पण सुरुवात लाखाच्या आकड्यापासून असेल तर खाली यायला कित्येक आठवडे लागतात. पट्टी सारखी करू नका. रक्तात आकडा उतरतोय का ते आठवड्याने पाहा. उतरायचा थांबला किंवा वाढला तर डॉक्टरांकडे जा. द्राक्षगर्भ काढला असेल तर डॉक्टर सांगतील तितके महिने तपासणी चुकवू नका.

१८. आमच्या मावशी ५४ वर्षांच्या, पाळी जाऊन चार वर्षं झाली. ऑपरेशनआधी बीटा ९ आला आणि घरात कुजबुज सुरू झाली.

कुजबुज थांबवा. पाळी गेल्यावर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथीही थोडं एचसीजी सोडते. १४ पर्यंतचा आकडा या वयात दिसू शकतो. एफएसएच (पिट्युटरीचंच दुसरं हार्मोन, पाळी गेल्यावर वाढतं) मोठं आलं तर बहुधा हेच कारण. मूत्रपिंड कमजोर असेल तरीही आकडा थोडा वर राहतो.

तरुण बाईत असा छोटा आकडा महिनाभर अडून बसला आणि पोटात काही सापडत नसेल, तर लघवीही तपासा. रक्तात पॉझिटिव्ह आणि लघवीत निगेटिव्ह असेल तर रक्तातली काही प्रतिपिंडं मशीनला चकवत असण्याची शक्यता असते. ती आकाराने मोठी, लघवीत उतरत नाहीत. मग दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तोच नमुना लावून पाहायचा. मावशींचा नमुना आम्ही तसा लावला: दुसऱ्या मशीनवर ८, लघवी निगेटिव्ह, एफएसएच ७१. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.